वरचे पान

त्या राज्यात घडलेली प्रत्येक गोष्ट पिंपळाच्या पानावर कोरून डोंगरावरच्या ढिगावर ठेवली जाई. मोठ्या दिवसाच्या पानाला लाल धागा बांधत आणि धाग्याला नाव देत. दूरच्या तळ्यावर मात्र ढिगातले फक्त सर्वांत वरचे पान येई. एवढा ढीग वाहायचा कोणी, असे म्हणून ही प्रथा तळ्याच्या बगळ्यानेच पाडली होती.

वरच्या पानात रोज एक ओळ असे : काठ बगळ्याचा. जे पानात नाही ते घडलेच नाही, हे तिथल्या पिल्लांनाही पाठ होते.

टिटवीला वेगळे पाठ होते. काठ तिच्या आईचा. बगळा नुसता राखणीला. पुढे एका उन्हाळ्यात तो आईच्या नव्या अंड्यांवरून शांतपणे चालत गेला आणि काठ त्याचा झाला. आईने मरताना तिला एका धाग्याचे नाव सांगितले होते, 'पहिली चार अंडी'. त्या चारांतली एक टिटवी स्वतः होती. तिला काठ हवाच होता, पण त्याहून जास्त बगळ्याची ती उंच मान खाली गेलेली बघायची होती.

तिने सभेत धाग्याचे नाव घेतले. दप्तर सांभाळणाऱ्या कासवाने तळ्यावरचे एकुलते पान उलटून पाहिले आणि असा धागाच नाही, असा निर्वाळा दिला.

"टिटवी समुद्र आटवते म्हणतात," बगळा म्हणाला. "हिने आधी तळे आटवून दाखवावे."

सभा पोट धरून हसली.

तिने सगळा ढीग आणायला रेडा पाठवला. तो महिन्याने रिकाम्या पाठीने परतला. ढीग बघूनच त्याला धाप लागली होती. तेव्हा तिची चूक तिला कळली. तिने खारीला बोलावले.

"बाकी कशाला हात लावू नकोस. धाग्याचे नाव सांग आणि तेवढे एकच पान आण."

खार तिसऱ्या दिवशी पान घेऊन आली. काठ टिटवीचा, बगळा राखणीला, असे त्यावर कोरलेले होते आणि खाली पंजाचा ठसा होता. कासवाने बगळ्याला पाय ठेवायला लावला. ठसा तंतोतंत जुळला. काठ टिटवीला मिळाला, पण बगळ्याची मान ताठच होती.

आता सगळा ढीग हळूहळू आणवावा, असे कासवाने सुचवले. टिटवीने प्रथा चांगली आहे म्हणून सांगितले. त्या दिवसाचे पान तिने स्वतः कोरवून घेतले. त्यात पाणी होते, मासे होते, काठ होता. बगळा नव्हता.

सकाळी बगळा मासे धरायला आला. वाटेवरच्या बेडकाने नवे पान वाचले आणि अदबीने सांगितले, की बगळा नावाचे इथे कोणी नाही, कधी नव्हतेही.

बगळ्याने जुनी पाने मागवायला सांगितले.

"कोणत्या धाग्याचे पान?" बेडकाने विचारले.

बगळा बराच वेळ एका पायावर उभा राहिला. राज्यातल्या एकाच धाग्याचे नाव त्याला ठाऊक होते. पलीकडे टिटवी आपली अंडी उबवत बसली होती, आणि ऐकत होती. अखेर बगळ्याने मान बेडकाच्या कानापर्यंत खाली नेली आणि ते नाव सांगितले.