नखाएवढा बावटा

एकदा एका खोलीत वाऱ्याची झुळूकसुद्धा नव्हती, आणि तरीही तिथली सगळी निशाणे फडकत होती.

ती खोली एका बंदरगावातल्या वृद्ध कारागिराची. वीतभर रथ, ओंजळीत मावतील अशा बैलगाड्या, हातभर लांबीची गलबते असे सारे तो लाकडातून घडवीत असे. त्यांवरची निशाणे मात्र खऱ्या कापडाची असत. आता तुम्ही म्हणाल, त्यात काय अवघड? अवघड असे की नखाएवढ्या कापडाला वजन नसते. खऱ्या वाऱ्यात धरले तर ते पत्र्यासारखे ताठ उभे राहते, फडकत नाही. म्हणून त्यात वारा हाताने भरावा लागतो. धुऊन धुऊन विरलेल्या मलमलीचा तुकडा तांदळाच्या पातळ खळीत भिजवायचा, बांबूच्या केसासारख्या काड्यांवर त्याच्या लाटा पाडायच्या आणि खळ वाळेपर्यंत श्वासही जपून घ्यायचा. वाळले की काड्या काढून घ्यायच्या. लाट तेवढी मागे राहते.

म्हाताऱ्याची बोटे आता जाड झाली होती, त्यामुळे हे काम त्याची शिष्या करी. शिष्या तरुण, कामात तन्मय होणारी, पण विलक्षण भित्री. पाल चुकचुकली तरी दचके. कडी वाजली की हातातली काडी खाली पडे. वाळत घातलेले निशाण हलू नये म्हणून खिडक्या सदा बंद.

"वाऱ्याला घरात घेत नाहीस, आणि पोट भरतेस त्याच्याच जिवावर," म्हातारा तिला चिडवी.

आपला हात थरथरतो हे कुणाला दिसू नये म्हणून ती प्रत्येक लाट मोजून पाडी, एकीसारखीच दुसरी. तीन वर्षांत तिने रथांची शेकडो निशाणे केली होती. गलबताचे अजून एकही नाही.

एके सकाळी गावातला एक व्यापारी आला. "मेस्त्री, आहात का?" हा त्याचा नेहमीचा खणखणीत आवाज. शिष्या दचकली आणि खळीची वाटी लवंडली.

"अगं बाई, मी वाघ नाही," व्यापारी हसला. मग खाली बसला, आणि त्याचा आवाज एकदम उतरला.

बारा वर्षांपूर्वी त्याचा धाकटा भाऊ गलबत घेऊन निघाला होता. तो परतला नाही, गलबतही परतले नाही. तो निघाला त्या दिवशी आई धक्क्यावर उभी होती. आता तिची दृष्टी मंदावत चालली होती. पावसाळ्यापर्यंत दिसेल, पुढचे सांगता येत नाही, असे वैद्य म्हणाले होते.

"आणि तिचा एकच ध्यास. भानूचं गलबत एकदा नजरेला पडू दे. दोन कारागिरांकडून करून आणलं, मेस्त्री. दोन्ही वेळा म्हणाली, हे ते नाही. काय चुकलं विचारावं, तर तेही तिला सांगता येत नाही. आता तिसऱ्यांदा चुकलं तर पुन्हा करायला तिचे डोळे उरायचे नाहीत."

म्हाताऱ्याने काम घेतले. मूळ गलबत ज्या सुताराने बांधले होते, त्याच्याकडून मापे आणली. शिडाला डाव्या अंगाला एक ठिगळ होते, तेही लावले. शीड वाऱ्याने पुढे फुगलेले ठेवले. दोन महिने गेले. राहिला शेवटचा बावटा. गलबतावरच्या निशाणाला त्या किनाऱ्यावर बावटा म्हणत. शिष्येने सात बावटे केले, सहा फेकून दिले. सातवा तांबडा, कडेला उन्हाने विटल्यासारखा. तो तिने डोलकाठीवर चढवला.

व्यापारी पाहायला आला तेव्हा तो नखाएवढा बावटा मागच्या बाजूला, जणू मागे राहिलेल्या किनाऱ्याच्या दिशेने फडकत होता. व्यापाऱ्याचे डोळे भरून आले.

"बघा, बघा. भानूच जणू मागे वळून हात हलवतोय!"

शिष्येला इतका आनंद झाला की ती जवळजवळ घाबरलीच. म्हाताऱ्याने मात्र एकदा शिडाकडे पाहिले, एकदा बावट्याकडे. मग म्हणाला, "शेठ, या गलबतावर दोन वारे आहेत."

"असू द्या की! आम्ही व्यापारी माणसं. दोन मिळाले तर दोन्ही घेऊ."

म्हातारा हसला. हसता हसताच त्याने चिमटीने बावटा काठीवरून उतरवला आणि कोमट पाण्याच्या वाटीत सोडून दिला. खळ विरघळली. साऱ्या लाटा मावळल्या. पाण्यावर एक तांबडा ठिपका तेवढा तरंगत राहिला.

"बाबा!" शिष्या वाटीकडे धावली. "बाबा, उद्या तर द्यायचंय."

"उद्या कशाला? आत्ताच निघू. खळ घे, काड्या घे. शेठ, गलबत कापडात गुंडाळून तुम्ही धरा."

असे तिघे निघाले. पुढे म्हातारा, दोन्ही हातांत पाण्याची वाटी. त्याच्या पावलागणिक तो तांबडा ठिपका वाटीत हळूहळू फिरत होता, आणि शिष्येला वाटत होते की सारे गावच त्याच्याभोवती संथपणे फिरते आहे, घरे, माड, वाळत घातलेली जाळी. कोपऱ्यावर एका कोळणीने हाक मारली, "काय मेस्त्री, एवढासा मासा कुठे नेताय?"

"पोहायला शिकवलाय," म्हातारा म्हणाला, "आता उडायला शिकवायचाय."

व्यापाऱ्याची आई माजघरात बसली होती. गावात सगळे तिला माई म्हणत. पावले ऐकून माईंनी मान वर केली. "आणलंत?"

"आणलंय, माई, पण झाकून ठेवलंय. अजून पुरं नाही. आधी एक विचारायचं होतं. त्या दिवशी तुम्ही धक्क्यावर उभ्या होतात. तुमचा पदर कुठे उडत होता?"

"मेस्त्री, पदराचं काय काढलंत..." व्यापारी मध्येच बोलला. माईंनी हात वर केला.

"पुढे," माई म्हणाल्या. "पाण्याकडे. पहाटेचा मतलई वारा सुटला होता, जमिनीवरून समुद्रावर जातो तो. डोक्यावर पदर म्हणून ठरेना. एका हाताने तो धरत होते, दुसऱ्या हाताने भानूला निरोप देत होते. मग सुटलाच मेला हातातून. जिकडे गलबत, तिकडे हा. मलाही ओढून नेतोय की काय, असं वाटलं. दोन्ही हातांनी आवरला, तोवर गलबत लांब गेलं होतं."

"एकसारखा उडत होता?"

"छे! मध्येच पडायचा, मध्येच उसळायचा. पाखरू पकडलं की हातात कसं करतं, तसा."

एवढ्या वर्षांत हे त्यांना कुणी विचारले नव्हते. सगळे गलबताबद्दलच विचारीत आले होते.

शिष्येने कापडात गुंडाळलेल्या गलबताकडे पाहिले. चूक तिला आता लख्ख दिसली. रथाला घोडे ओढतात, म्हणून रथाचे निशाण मागे राहते. गलबताला वाराच ढकलतो. जो वारा शीड फुगवतो, तोच बावट्यालाही पुढे नेतो. हाताच्या सवयीने तिने गलबतावर रथाचे निशाण चढवले होते.

"त्या दोन्ही गलबतांचे बावटेही मागेच होते," व्यापारी हळूच म्हणाला. "मीच तसे करून घेतले होते."

"हं, कर," म्हातारा शिष्येला म्हणाला.

"इथे? सगळ्यांसमोर? बाबा, हात थरथरतोय माझा."

"मग माईंचा पदर काय मोजून उडत होता?"

ती उन्हाच्या कवडशाजवळ बसली. तुकडा खळीत भिजवला, काड्यांवर टाकला, पहिली लाट उसळती ठेवली, दुसरी पडती. तेवढ्यात खिडकीत कावळा ओरडला. ती दचकली, बोट सरकले आणि टोकाची लाट वेडीवाकडी दुमडली. सवयीने ती दुरुस्त करायला तिने काडी उचलली. क्षणभर पाहिले, आणि काडी खाली ठेवली.

बावटा वाळत होता. तेव्हा तिने अगदी हळू विचारले, "बाबा, नुसतं सांगितलं असतंत तरी मी फिरवून लावला असता. भिजवलात कशाला?"

"फिरवून लावला असतास तर दिशा बरोबर आली असती, वारा तुझाच राहिला असता," म्हातारा म्हणाला. "लाकूड, दोर, शीड यांची मापं सुताराकडे मिळतात. आधीच्या त्या दोघा कारागिरांनीही ती बरोबरच घेतली असणार. पण बावटा गलबताचा नसतो, पोरी, त्या दिवशीच्या वाऱ्याचा असतो. तो वारा कधीच निघून गेला. आता तो एवढ्या जगात या एका पदरालाच आठवतोय. शेठना वाटलं, भावाने मागे वळून पाहावं. मलाही ते आवडलं असतं. पण आपल्या समाधानासाठी आपण वारा फिरवतो ना, तेव्हा ज्याने तो अंगावर घेतलाय त्याला ते सारं परकं होऊन जातं. म्हणून आधी आपला वारा धुऊन टाकायचा, आणि मग विचारायला जायचं."

व्यापारी खाली मान घालून ऐकत होता. बावटा वाळल्यावर त्यानेच गलबतावरचे कापड दूर केले.

शिष्येने बावटा काठीवर चढवला. तो आता पुढे झेपावत होता, घरापासून दूर, काहीसा वेडावाकडा. माईंनी चेहरा अगदी जवळ आणला. शिडाचे ठिगळ पाहिले, त्यावरून बोट फिरवले. मग नजर वर डोलकाठीवर गेली आणि तिथेच थांबली.

माईंचा हात सावकाश वर आला आणि त्यांनी डोक्यावरचा पदर घट्ट धरला.

"आई," व्यापारी कळवळून म्हणाला, "इथे वारा नाहीये गं."

"तुला नसेल," माई म्हणाल्या.

मग दुसरा हात त्यांनी वर केला, आणि बारा वर्षांपूर्वी अर्धा राहिलेला निरोप त्या नखाएवढ्या बावट्याला पुरा दिला.