दोन प्रोसेसर आणि एक बॅटरी

बॅटरीला पहिल्यांदा खटकलं ते एवढंच, की मालकिणीचं साधं एक पत्र लिहिणं चाललं होतं, तरी पंखा धापा टाकत होता.

लॅपटॉप नवेनवे होते, तेव्हाची गोष्ट. एका हौशी कारागिराने एकाच लॅपटॉपमध्ये दोन प्रोसेसर बसवले, थोरला आणि धाकटा. दोघेही हुशार, प्रत्येकाला चार हात. बॅटरीला त्यांचं भारी कौतुक. पण दोघे एकमेकांना फार मान देणारे. एक अक्षर उमटवायचं तरी इकडून तिकडे निरोप जाई.

"दादा, हे तुम्ही केलंत का?"

"नाही रे, तूच कर की."

प्रत्येक निरोपाला बॅटरीतला विजेचा एक घोट संपे. बघता बघता शेवटचे चारच घोट उरले, आणि मालकिणीचं पत्र तर अजून जतनही झालं नव्हतं.

"अहो, कुणीतरी पत्र जतन करा ना," ती म्हणाली.

थोरला धाकट्यासाठी थांबला, धाकटा थोरल्यासाठी.

"दोघांना मिळून हाक मारतेस, मग ओ देणार कोण?" पंखा धापा टाकतच म्हणाला.

बॅटरीने धीर केला. "धाकटे भाऊ."

ते ऐकून थोरल्याने लगेच आपले चारही हात आवरून घेतले. रुसवा नाही, फुगवा नाही. बॅटरी त्याच्याकडे बघतच राहिली. इतकं मोठं मन तिने पाहिलं नव्हतं.

"ओ, ताई," एका घोटात पत्र जतन करून धाकटा म्हणाला. "माझे चार हात एकाच अंगाचे आहेत. त्यांना निरोप धाडावे लागत नाहीत."