भूत-उंदराचे बूट

हाँगकाँगमधल्या आपल्या गोदामातल्या कामगारांवर टिळेकर साहेबांचा भारी संशय. नव्या दुभाषी चारुलताबाईंना त्यांनी फर्मावलं, "कामगारांकडून लबाडीचे कँटोनीज शब्द शिकून या आणि प्रत्येक शब्दापुढे लबाडाचं नाव लिहा. त्याला नारळ देतो. नाव नाही आणलंत, तर तुम्हाला!"

शब्दांचं कुतूहल बाईंनाही होतंच. आठवड्याने त्या वही घेऊन हजर झाल्या.

"साहेब, 'थाउ-गाय' म्हणजे कोंबडी चोरणं, कामावरून गुपचूप सटकणं. त्याला उदाहरण सापडलं नाही. 'ग्वाय-श्यू' म्हणजे भूत-उंदीर, चोरपावलांनी फिरणारा. त्याला मात्र सगळ्यांनी एकच उदाहरण दिलं."

"नाव?" साहेबांनी पेन उघडलं.

"नाव कुणी घेत नाही. तो खोक्यांआड उभा राहून कामगारांवर पाळत ठेवतो म्हणे. चाहूल लागू नये म्हणून अनवाणी येतो, पण घरच्या सवयीनं बूट दाराबाहेर नीट जोडीनं काढून ठेवतो. ते दिसले की सगळे मान खाली घालून कामाला लागतात. बूट तपकिरी आहेत, नऊ नंबरचे. नारळ कुणाला द्यायचा, तुम्हीच ठरवा."

साहेबांनी पेन बंद केलं. दुसऱ्या दिवसापासून गोदामात त्यांचे बूट दारापासूनच वाजू लागले.