धनेशीण आणि फटीबाहेरचं गिऱ्हाईक

डोंगराच्या पोटाशी एक दाट जंगल होतं. तिथल्या उंच बेहड्याच्या ढोलीत एक धनेशीण स्वतःला कोंडून घेऊन बसली होती. मुलांनो, तिला कुणी शिक्षा केली नव्हती. धनेश पक्ष्यांची रीतच आहे ती. अंडी घालायची वेळ आली की मादी ढोलीत शिरते आणि चिखल नि फळांचा चोथा कालवून ढोलीचं तोंड आतून लिंपून टाकते. चोच जाईल एवढी फट तेवढी उरते. नर रानभर हिंडून फळं आणतो आणि त्या फटीतून तिला भरवतो. आत बसल्या बसल्या तिची उडायची मोठी पिसं गळून पडतात. नवी पिसं येईपर्यंत ती उडू शकत नाही, पळू शकत नाही. ती भिंत हेच तिचं सगळं बळ.

आपल्या धनेशिणीच्या पोटाखाली दोन पिल्लं होती, उघडीबोडकी, डोळेसुद्धा न उघडलेली. धनेशीण स्वभावाने तिखट. वानर जरा जोरात फांदीवर आदळला तरी आतून ओरडायची, "झाड तुझ्या बापाचं आहे का रे?" पण नवऱ्यावर तिचा भारी जीव. उन्हातान्हात फळं वाहून तो पार वाळला होता.

"अहो, स्वतः काही खाल्लंत का?"

"खाल्लं की."

"चोच दाखवा बघू. कोरडी ठणठणीत! खोटं बोलायचं तर निदान चोचीला रस तरी लावून यायचं."

धनेश नुसता हसायचा आणि पुन्हा उडायचा. त्याच्या खेपा कमी कशा होतील, याचाच तिला घोर लागला होता.

त्या जंगलात नुकताच मोबाईल आला होता आणि पोपटांनी त्यावर 'रानबाजार' मांडला होता. ज्याला काही विकायचं त्याने फोटो टाकायचा, ज्याला हवं त्याने निरोप धाडायचा. भिंत लिंपण्याआधीच धनेशिणीने मोबाईल आत घेतला होता. ढोलीत चार्जिंग कुठून, असलं काही विचारू नका. गोष्ट ऐकायची तर नीट ऐका.

तिने आपल्या गळलेल्या पिसांचा फोटो टाकला आणि खाली लिहिलं, "धनेशिणीची मोठी पिसं. मऊ आणि स्वच्छ. बदल्यात पिकलेली उंबरं द्यावीत." लगेच निरोप आला. नाव होतं 'सावरीवरची खारूताई'. फोटोत एक खार, पोटाशी बिलगलेलं लेकरू. "ताई, पहाटे फार गारठा पडतो हो. माझी लेकरं कुडकुडतात. सगळीच पिसं घेते. उंबरं रोज आणून देईन, तुमच्या घरधन्याला हिंडायला नको."

धनेशिणीचं काळीज लोण्यासारखं वितळलं. त्यातून दुपारी फटीच्या कडेला खरंच एक टपोरं उंबर ठेवलेलं दिसलं. कोण ठेवून गेलं ते तिने पाहिलं नाही, तिचा डोळा लागला होता. पण उंबर गोड होतं.

संध्याकाळी तिने नवऱ्याला सगळं सांगितलं.

"अगं, पण तू तिला पाहिलंयस का कधी?"

"फोटो पाहिलाय की."

"फोटो काय, मीपण लावीन मोराचा."

"लावा की! आवाज काढलात की कळेलच सगळ्यांना, कुठला मोर ते."

"थट्टा नको. सावरीच्या झाडावर जाऊन कुणाला तरी विचारू या."

"लेकुरवाळ्या बाईची चौकशी करत फिरू? तिला काय वाटेल? तुम्हाला माझं काही पटतच नाही. जा, झोपा."

 सकाळी उजाडताच धनेश कुठे ते न सांगता उडून गेला.

थोड्या वेळाने मोबाईल वाजला. "ताई, मी झाडावर आलेय. पिसं फटीतून ओढली तर मोडतील. फट वीतभर मोठी करा, म्हणजे अलगद घेते."

धनेशीण जरा थबकली. "खारूताई, आधी फटीसमोर या. एकदा तोंड तरी बघू तुमचं."

बाहेरून बारीक, रडवा आवाज आला, "एवढा अविश्वास, ताई? लेकरांना उपाशी टाकून तुमच्यासाठी उंबरं वेचत फिरले. नको असेल तर राहू दे. पलीकडे घारबाई पिसं घेऊन थांबल्यात. पटकन काय ते सांगा, मला वेळ नाही."

आणि वानराला शिव्या घालणारी ती धनेशीण एका रडव्या आवाजापुढे चक्क लाजली! "तसं नव्हे हो, रागावू नका," असं म्हणत तिने स्वतःच लिंपलेली भिंत स्वतःच्याच चोचीने टोचायला सुरुवात केली. एक ढेकूळ पडलं. दुसरं पडलं. उजेडाचा पट्टा आत आला, तशी पिल्लं चुळबुळली.

"आणखी, ताई, आणखी थोडी!"

"हो हो. तोवर हे एक तरी घ्या," असं म्हणून तिने एक पीस देठाकडून फटीत घातलं. ते सर्रकन बाहेर गेलं. ना मोडलं, ना दुमडलं. आणि बाहेर कुणी ते धरलंच नाही. पीस गिरक्या घेत खाली निघून गेलं.

धनेशिणीची चोच जागच्या जागी थांबली. पिसं न मोडता जातात, तर भिंत कशाला फोडायची? लेकरांच्या अंथरुणासाठी आलेली आई हाताशी आलेलं पीस असं वाऱ्यावर सोडील का?

तेवढ्यात भोकातून एक काळा, केसाळ पंजा आत घुसला आणि पिल्लांच्या दिशेने चाचपडू लागला. खारीचा कसला, तो उदमांजराचा पंजा होता! झाडांवर चढून घरटी साफ करणारं ते लबाड जनावर.

धनेशिणीने आपली दांडगी चोच उघडली आणि तो पंजा सुपारी अडकित्त्यात धरावी तसा धरला. "मेल्या, तुझी लेकरं कुडकुडतायत काय? थांब, तुलाच ऊब देते!" बाहेर उदमांजर किंचाळलं. दुसऱ्या पंजाने ते भिंत ओरबाडू लागलं. भिंतीचे पोपडे पिल्लांच्या अंगावर पडत होते. चोच सोडावी तर पंजा पिल्लांवर, न सोडावी तर भिंत कोसळणार. धनेशिणीने डोळे मिटून घेतले, पण चोच सोडली नाही.

इतक्यात लोहाराचा भाता चालावा तसा पंखांचा आवाज आला. धनेश आला होता! त्याने उदमांजराच्या पाठीत अशी चोच हाणली की त्याची झाडावरची पकडच सुटली. धनेशिणीने पंजा सोडताच ते फांद्यांवर आपटत खाली पडलं आणि तीन पायांवर लंगडत झुडपात पळालं. शेजारच्या फांदीवर एक खरीखुरी खार शेपटी आपटत ओरडत होती, "चिर्र! माझा फोटो लावतोस? माझ्या लेकराचा फोटो लावतोस?"

"मी फळांना गेलोच नाही," धनेश धापा टाकत म्हणाला. "आधी सावरीवर गेलो. म्हटलं, विचारायला काय जातं? तर या म्हणाल्या, माझ्याकडे मोबाईलच नाही."

"बाळ झालं तेव्हा पोपटांनी फोटो काढून बाजारात फिरवला होता," खार म्हणाली. "तो त्या मेल्याने उचलला."

 पिल्लांच्या अंगावरची माती धनेशीण चोचीने हळूहळू काढत राहिली. मग म्हणाली, "मीच फोडली हो भिंत. तुमचे कष्ट वाचावेत म्हणून."

"माझे कष्ट वाढवलेस की," धनेश म्हणाला आणि ओढ्याकडे चिखल आणायला गेला.

संध्याकाळपर्यंत तो बाहेरून चिखल देत होता आणि ती आतून लिंपत होती. "पातळ आणलात! हा काय चिखल आहे की ताक?" असं ओरडायची आणि मध्येच डोळे पुसायची.

भिंत पूर्ववत झाल्यावर खार जवळ आली. "ताई, पिसं खरंच द्यायची आहेत का? मला हवीच होती. उंबरं आणते."

"द्यायची आहेत. पण आधी फटीसमोर या. तोंड दाखवा. आता वळा. शेपटी दाखवा."

खार गर्रकन वळली. "बघा, निवांत बघा. पाठीवरचे पट्टेही बघून घ्या. आणि आता तुम्ही चोच बाहेर काढा. माझ्या लेकरांखाली कुणाची पिसं घालतेय, ते मलाही कळायला नको का?"

धनेशिणीने मुकाट्याने चोच बाहेर काढली. खारीने वास घेतला, पंजाने चाचपून पाहिलं आणि मान डोलावली. दोघींपैकी एकीलाही राग आला नाही. सौदा झाला.

तात्पर्य : ओळख विचारली की खरा तोंड दाखवतो, खोटा रुसून दाखवतो. रुसणाऱ्यापुढे लाजून आपली भिंत फोडू नये.