चांदरीचा वण

“मोजे कशाला? मला काय थंडी वाजतीय?”

येसबा सातपुत्यानं ते पांढरे हातमोजे दोन बोटांत धरून उचलले आणि परत चटईवर टाकले.

भैरव पोळ खजील झाला. कंपनीचा तसा नियमच आहे, म्हणाला. ह्या पर्सला कुणी उघडा हात लावत नाही. दुकानात विकणारेसुद्धा मोजे घालून दाखवतात.

“आणि घेणारी बाई?”

“तिनं एकदा घेतली की मग चालतं.”

“लई उपकार झाले म्हणायचे,” येसबा म्हणाला.

येसबाची सून मालन चहा घेऊन आली होती. तिनं तोंडाला पदर लावला आणि कप ठेवून आत गेली.

येसबा ब्याऐंशीचा. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. ऑपरेशनला न्यायला मुलानं दोनदा गाडी करून आणली, म्हातारा चढला नाही. डोळ्यांवाचून माझं काय अडलं, असं त्याचं म्हणणं. आणि खरंच अडलं नव्हतं. उभं आयुष्य त्यानं आधी विहिरीचं पाणी ओढायच्या कातडी मोटा शिवल्या. विहिरींवर पंप बसले आणि मोटा गेल्या, तेव्हा बैलांचे पट्टे शिवले. बैल कमी झाले तरी तो सकाळी टोचायची आरी आणि कातडं कापायची रापी घेऊन ओसरीवर बसायचा तो बसायचाच. निपाणीच्या वाटेवरच्या त्या गावात कुणाला कातड्याचं काही विचारायचं झालं, तर अजून त्याच ओसरीवर यावं लागे.

ह्याच ओसरीवर भैरव सात वर्षं बसला होता. तेव्हा तो भैरू होता.

येसबाची एक रीत होती. कातडं समोर आलं की आधी रापी हातात द्यायची नाही. डोळे मिटायचे, तळवा फिरवायचा आणि जनावर कसं होतं ते सांगायचं. किती वेळा व्यालं, कुठल्या कुशीवर निजायचं, कुठं काठी बसली, कुठं काटा लागला. चुकलं तर पुन्हा. दिवस गेला तरी पुन्हा. हे लाड नव्हते. वण असलेली जागा ताणत नाही, तिथं शिवण घेतली की मोट भर विहिरीत फाटते. पण येसबा कारण सांगत बसायचा नाही. नुसता म्हणायचा, आधी ओळख करून घे.

ह्या सात वर्षांत ‘बरं झालंय’ हे दोन शब्द त्यानं भैरूला एकदाही ऐकवले नाहीत. दुसऱ्या कुणालाही ऐकवले नव्हते.

मग भैरू मुंबईला चित्रकला शिकायला गेला आणि तिथं भैरव पोळ झाला. त्याची चित्रं परदेशात लागली. बायकांच्या पर्स करणारी तिकडची एक बडी कंपनी. तिची पर्स मिळावी म्हणून श्रीमंत बायका वर्ष वर्ष थांबतात. त्या कंपनीनं त्याला बोलावलं. तुमचं चित्र आमच्या पर्सवर घेऊ. दोनशे नग काढू, एकेकीवर तुमची सही.

दोनशे तयार होऊन मुंबईत आल्या होत्या. नमुन्याच्या दोन भैरवच्या हाती दिल्या होत्या. आज दुपारी चारपर्यंत त्यानं ‘हो’ कळवायचं होतं. कळवलं की पेट्या हलणार. नाही म्हटलं तर करार मोडणार, आणि एवढा मोठा दरवाजा माणसासाठी दोनदा उघडत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

तरी तीन दिवस त्याचा हात ‘हो’ लिहायला उचलत नव्हता. का, ते त्याचं त्यालाच उमगेना. शेवटी पहाटे गाडी काढली आणि अकरा वर्षांनी ह्या ओसरीवर येऊन बसला.

येसबाआबा बरं म्हणाले की मी मोकळा, असं त्यानं मनाशी ठरवलं होतं.

“दे,” येसबा म्हणाला.

भैरवनं पहिली पर्स त्याच्या मांडीवर ठेवली. बदामी रंगाची.

म्हाताऱ्यानं आधी कड चाचपली. मग खांद्याचा बंद. मग शिवण.

“शिवलंय कुणी?”

“तिकडचे कारागीर आहेत, आबा.”

“हात चांगला हाय.”

येसबाचा तळवा आता पर्सच्या दर्शनी अंगावर आला होता. सावकाश वरून खाली सरकत होता. मध्यावर येऊन थांबला.

मग एकच बोट. ते एका वाकड्या, उंचवटलेल्या रेघेवरून फिरलं. रेघेवर आडवे टाके होते. बोटानं ते मोजले. एक, दोन, तीन… चौथ्याशी बोट अडलं. चौथा टाका तिरका होता.

येसबाच्या मानेची शीर हलली.

“चांदरी,” तो म्हणाला.

भैरवला हेही ऐकायचं होतं.

चांदरी ही येसबाची म्हैस. कपाळावर पांढरा टिळा. भैरूच्या अंगावर जे काही मांस चढलं, ते तिच्या दुधानं. एकदा ती कुंपणाच्या तारेत अडकली आणि कूस वीतभर फाटली. जनावरांचा डॉक्टर तालुक्याला. येसबानं मोट शिवायचा दोरा मेणात ओढला आणि स्वतःच पाच टाके घातले. भैरू तिचं शिंग धरून उभा होता. चौथ्या टाक्याला तिनं लाथ मारली, तो टाका तिरका बसला.

“हे टाके माझे हायेत,” येसबा म्हणाला. “पण चांदरीला तर मी कातड्यासकट पुरली. जन्मात तेवढं एकच जनावर मी सोललं न्हाई. तुला कुठनं घावली ही?”

भैरव समजावून सांगू लागला. चांदरी होती तेव्हा तो रोज तिचा वण बघायचा. मुंबईला गेल्यावर काय काढावं सुचेना, तेव्हा तोच काढला. मग तोच काढत राहिला. लहान काढला, भिंतीएवढा काढला. लोक तासन्‌तास त्याच्यासमोर उभे राहतात, आबा, म्हणाला. कंपनीनं त्याचा लोखंडी ठसा केला, यंत्रानं कातड्यावर दाबून तो वण उठवला.

येसबा ऐकत होता. बोट अजून तिरक्या टाक्यावरच होतं.

“हुबेहूब हाय,” तो म्हणाला. आवाज जड झाला होता. “लाथसुद्धा उतरलीय.”

भैरवला वाटलं, झालं. आता ते दोन शब्द येणार.

येसबानं पर्स बाजूला ठेवली आणि हात पुढं केला. भैरवनं दुसरी दिली. काळी.

तोच तळवा. तीच रेघ. एक, दोन, तीन…

बोट थांबलं.

“इथंबी लाथ मारली तिनं?”

“सगळ्यांवर तोच ठसा आहे, आबा.”

“किती हायेत असल्या?”

“दोनशे.”

“दोनशे म्हशी तारेत अडकल्या,” येसबा म्हणाला, “आणि दोनशेजणींनी चौथ्याच टाक्याला लाथ मारली.”

आत मालनच्या हातातलं भांडं वाजलं, मग तेही थांबलं.

भैरव चिडला. मुंबईत त्याच्याशी कुणी असं बोलत नव्हतं. तो म्हणाला, चित्र म्हणजे असंच असतं. आजवर वण दिसला की लोक ते कातडं टाकून द्यायचे. आता तोच वण बायका दिमाखात मिरवतील, हे काय थोडं आहे?

“थोडं न्हाई.”

“मग?”

“ज्या कातड्यावर हा ठसा मारला, ते कसलं होतं?”

“म्हशीचंच. मद्रासकडं कमावलेलं. एक नंबरचं, डागसुद्धा नव्हता.”

“बिनडागाचं कसं मिळालं एवढं?”

“निवडून घेतलं.”

“आणि जे निवडलं न्हाई?”

निवड चालू होती तेव्हा भैरव मद्रासकडच्या त्या कारखान्यात उभा होता. एका बाजूला पिवळे दिवे लावलेलं लांब टेबल. कातडं पसरायचं, भिंगातून बघायचं. तारेचा ओरखडा, शिंगाची खूण, काठीचा वळ दिसला की बाजूला. बाजूचा ढीग त्याच्या छातीपर्यंत आला होता. तेव्हा तो फोनवर बोलत होता.

“परत पाठवलं,” तो म्हणाला. “वण होते म्हणून…”





भैरव एकदम उठला. खिशातून फोन काढला. म्हणाला, ठीक आहे. नाही कळवतो. दोनशेच्या दोनशे जाळून टाका म्हणतो. नाव गेलं तर गेलं.

“बस.”

“नाही आबा, मला कळलंय आता.”

“काय कळलंय? जाळून उठवतोस व्हय जनावरं?… बस खाली.”

भैरव बसला.

येसबानं बदामी पर्स पुन्हा मांडीवर घेतली. चांदरीच्या वणावरून त्याचा हात सरळ पुढं गेला, थांबला नाही. पर्स उलटी केली. तळाशी, शिवणीलगत बोट बारीक फिरवलं. मग भैरवचा अंगठा पकडला आणि तिथं टेकवला.

“काय हाय?”

“काही नाही, आबा. गुळगुळीत आहे.”

“डोळे मीट.”

भैरवनं डोळे मिटले. अंगठा फिरवला. काही लागेना. ह्या अंगठ्याला रापीचा घट्टा होता एकेकाळी. तो कधी गेला, त्याला आठवेना.

“मऊ पडलाय,” येसबा म्हणाला. “हळू कर. दाबू नकोस.”

भैरवनं दाब काढला. श्वासही आवरला. पुन्हा फिरवला…

लागलं. मोहरीएवढं. मोहरीहूनही लहान. दिव्याखाली, भिंगाखाली सुटलेलं.

“गोचीड,” भैरव म्हणाला.

“आणि?”

“शेजारी दुसरी होती. तिसरीपण. जुन्या खुणा आहेत… कुणीतरी खाजवून काढायचं हिच्या अंगावरून. बोटांनी.”

“आणि?”

भैरवचा तळवा पसरला. पर्सचा तळ त्याच्या हाताखाली सैल लागला, आणि कंपनीनं तळाला पोटाकडचं कातडं लावलंय हे त्याच्या हाताला कळलं. पोटाकडचं म्हणजे पुष्कळ सांगणारं. तो थांबत थांबत बोलू लागला. व्यालेली होती. दोनदा. नाही, तीनदा. उजव्या कुशीवर बसायची, तिकडचा पोत झिजलाय. बांधायची जागा दगडी असणार. वय फार नव्हतं. मार खाल्लेला नव्हता…

कितीतरी वेळ तो बोलत होता. पांढरे मोजे त्याच्या गुडघ्याखाली चुरगळले होते. दारात मालन येऊन उभी होती, तेही त्याला कळलं नाही. आवाज बदलला होता त्याचा. मुंबईहून आला तो गृहस्थ असा बोलत नव्हता.

चुकलं तिथं येसबानं नुसतं “हं” केलं. त्यानं पुन्हा हात फिरवून दुरुस्त केलं.

शेवटी सांगायचं सरलं. त्यानं डोळे उघडले तेव्हा पापण्या ओल्या होत्या. भिंतीवरच्या घड्याळात चार वाजायला पाच मिनिटं कमी होती. मांडीजवळ ठेवलेला फोन थरथरत होता. कंपनीचाच असणार. त्यानं फोनकडं पाहिलं, मग म्हाताऱ्याकडं.

“आबा… ह्यांना काय कळवू?”

येसबानं थंड झालेला चहा एका घोटात संपवला, धोतराला हात पुसले आणि काळी पर्स पुढं सरकवली.

“आधी ओळख,” तो म्हणाला. “दुसरी घे.”