हैबतीच्या तांबड्या कोंबड्या

डोंगराच्या पायथ्याशी वसलेल्या एका गावात हैबती नावाचा एक कोंबड्या पाळणारा राहत होता. त्याच्याकडे आजोबांच्या काळापासून चालत आलेली एक तांबडी जात होती. घासून लख्ख केलेल्या तांब्याच्या घागरीसारखा पिसांचा रंग, काळी शेपटी, पिवळेधमक पाय, रुंद छाती आणि ताठ उभा तुरा. जत्रेत उत्तम कोंबड्याचा फेटा दरवर्षी हैबतीलाच मिळायचा. बाकीचे लोक आपापले कोंबडे काखोटीला मारून हौसेने आणायचे खरे, पण हैबतीचा कोंबडा दिसला की निमूट मागे सरायचे.

असा रंग आणि असा बांधा आपोआप येत नाही. दिवाळी झाली की हैबती त्या वर्षीच्या सगळ्या तलंगा, म्हणजे अंडी घालायच्या वयाला आलेल्या तरण्या कोंबड्या, अंगणात आणायचा. एकेकीचा पंख उलगडून बघायचा, छातीवरून बोट फिरवायचा, पाय उन्हात धरून पिवळेपणा जोखायचा. एक पीस जरी वेगळं निघालं तरी ती तलंग बाजूच्या डालात, म्हणजे बांबूच्या टोपलीत, जायची आणि तिथून थेट खाटकाकडे. जिवंत कोंबडी तो कुणालाच विकत नसे. न जाणो, एखाद्याने तिच्यापासून पैदास केली तर? अंडी विकायची, पण तीसुद्धा आधी कढत पाण्यात बुचकळून. त्या अंड्यांतून दुसऱ्याच्या घरी पिल्लू निघण्याची सोयच त्याने ठेवली नव्हती. एवढा कोता माणूस, पण फेट्याखाली सगळं झाकून जायचं.

रंगाइतकाच हैबतीला आणखी एका गोष्टीचा तिटकारा होता. कोंबडी खुडूक झालेली त्याला खपायची नाही. खुडूक कोंबडी अंड्यांवर ठाण मांडते, दाणापाणी सोडते, जवळ गेलं की फुगून गुरगुरते. अंड्यांना अंगाची ऊब लागावी म्हणून छातीची पिसं उपटून टाकते. तिचा तुरा फिका पडतो, अंग उतरतं. असली कोंबडी जत्रेत कोण बघणार? हैबती तिला गार पाण्यात बुडवायचा, नाकपुडीतून पीस ओवायचा. तेवढ्याने ती उठली तर ठीक, पुन्हा बसली तर खाटीक. असं वर्षानुवर्षं चाललं. शेवटी कोंबड्या ठेवायच्या त्याच्या गोठ्यात खुडूक होणारी एकही कोंबडी उरली नाही.

"माझ्या कळपातनं हा रोगच मी काढून टाकला," असं तो चावडीवर छाती पुढे काढून सांगायचा. आणि लोक त्याला शाबासकी द्यायचे! कुणाच्याही मनात पुढचा प्रश्न आला नाही, याचं मला अजून नवल वाटतं.

मग पिल्लं कोण काढायचं? तर शेजारची मैनाआत्या. ही एकटी राहणारी म्हातारी. तिच्याकडे तीन चितऱ्या गावठी कोंबड्या होत्या. रंगाचा पत्ता नाही, एकीची शेपटी तर कुत्र्याने ओढून नेलेली. पण खुडूक व्हायच्या वेळेवर आणि बसायच्या इमानाने. अंडी हैबतीची, ऊब आत्याच्या कोंबड्यांची. गावाची रीत अशी की दुसऱ्याच्या कोंबडीखाली अंडी ठेवली तर पिल्लं अर्धी अर्धी वाटून घ्यायची. हैबती ती रीत पाळत नसे. तो आत्याच्या पदरात सूपभर ज्वारी टाकायचा आणि पिल्लं सगळी उचलून न्यायचा. आत्या म्हणायची, "असू दे रं. जीव जन्माला आला, तेच लई झालं."

एका वर्षी उन्हाळ्याच्या तोंडाला वाईट बातमी आली. नदीपलीकडच्या गावात मानमोडी शिरली होती. हा कोंबड्यांचा रोग मोठा भयंकर. कोंबडीची मान पिळवटते आणि बघता बघता ती गार पडते. हैबतीचा गोठा गावापासून दूर माळावर होता. त्याने सगळ्या तांबड्या कोंबड्या आणि आपला एकुलता एक कोंबडा आत कोंडला, दारापुढे चुना टाकला आणि राखणीला बसला.

रोग अजून गावात आला नव्हता, तेवढ्यात मैनाआत्या माळ चढून आली. डोक्यावरच्या डालात तिच्या तिन्ही कोंबड्या होत्या.

"हैबती, ह्यांना तेवढं आत घे बाबा. लांब कोपऱ्यात ऱ्हातील."

"जागा न्हाई आत्या."

"आरं, गोठा अर्धा मोकळा दिसतोय की."

हैबतीने डालात डोकावून बघितलं. नुकत्याच खुडूक झालेल्या त्या कोंबड्यांच्या छात्या उघड्या पडल्या होत्या.

"लांबलांबची माणसं माझ्या कोंबड्या बघायला येत्यात," तो म्हणाला. "त्यात ही ध्यानं दिसली तर माझं नाव जाईल."

ज्यांच्या उबेत त्याचा अख्खा गोठा जन्माला आला, त्यांना तो ध्यानं म्हणाला! ऐकूनच अंगावर काटा येतो. आत्याने डाल पुन्हा डोक्यावर घेतलं आणि ती माळ उतरून गेली.

मानमोडी आली आणि तिने गाव झाडून नेलं. एका सकाळी लोक उन्हं वर आल्यावर जागे झाले, कारण आरवायला कोंबडाच उरला नव्हता. घरोघरी रिकामी खुराडी उघडी पडली होती. आत्याच्या तिन्ही कोंबड्या एकाच दिवशी गेल्या. माळावर मात्र हैबतीच्या तांबड्या कोंबड्या खणखणीत होत्या. "आता पंचक्रोशीत कोंबडा एकच, तो माझा," असं तो म्हणाला, आणि त्याला त्याची लाजसुद्धा वाटली नाही.

रोग सरला. तांबड्या कोंबड्यांनी अंडी घातली. हैबतीने सवयीप्रमाणे अंडी टोपलीत भरली, मैनाआत्याच्या दारापर्यंत गेला आणि तिथे त्याचे पाय थबकले. टोपली कुणाखाली ठेवायची?

तो आजूबाजूच्या सगळ्या गावांत फिरला. बहुतेक खुराडी रिकामी होती. जिथे एखादी कोंबडी वाचली होती, तिथे घरधनीण तिला डोळ्यांआड होऊ देत नव्हती. कढत पाण्यात बुडवलेल्या अंड्यांची गोष्ट सगळ्यांना माहीत होती. या माणसाला कोण आपली कोंबडी देणार? इकडे हैबतीचा कोंबडा म्हातारा झालेला, आणि बाकीचे नर त्याने दरवर्षी खाटकाला दिलेले. त्याचं आता हे शेवटचं वर्ष. यंदा पिल्लं निघाली नाहीत तर आजोबांची जात संपलीच म्हणायची.

हैबतीने आपल्याच एका कोंबडीला अंड्यांवर बसवलं. ती उठली. दुसरीला बसवून वर डाल पालथं घातलं. तिने आतल्या आत पाय झाडून अंडी फोडली. तिसरीला अंधाऱ्या कोपऱ्यात मऊ गवतावर बसवलं, हळूहळू पाठीवरून हात फिरवला. ती क्षणभर बसली. मग तिने मान वाकवून एक अंडं टोचलं, आतलं प्यायली, आणि तो वास लागताच बाकीच्या धावून आल्या. बघता बघता टोपली रिकामी! स्वतःचीच अंडी त्यांनी चाटूनपुसून खाल्ली. हैबती भिंतीला पाठ लावून मटकन खाली बसला. इतकी सुंदर पाखरं, आणि हे असं?

पुढची अंडी त्याने घालताक्षणी उचलली आणि तो रडत मैनाआत्याकडे गेला. आत्याने दार लावून घेतलं असतं तरी तिला कुणी नावं ठेवली नसती. पण तिने अंड्यांकडे बघितलं आणि म्हणाली, "आण हिकडं. ह्यांनी काय कुणाचं वाईट केलंय?"

तिने एका पाटीत कोंडा पसरला, त्यावर अंडी ठेवली आणि जुनं कांबळं पांघरलं. पाटी चुलीशेजारी ठेवून दोघं आळीपाळीने जागत राहिली. अंडी उलटायची, गालाला लावून ऊब बघायची. कोंबडीचं काम माणसाच्या हातून कितीसं होणार? बरीचशी अंडी सडली. पण तीन आठवडे झाले आणि एका अंड्याला तडा गेला. एक पिल्लू बाहेर आलं. एकच, पण चिवचिवत, टुणटुण उड्या मारणारं. हैबतीने त्याला ओंजळीत धरलं आणि तो लहान पोरासारखा हसला.

"ह्याला आता आईची ऊब पायजे," तो म्हणाला आणि पिल्लू घेऊन माळाकडे निघाला.

"थांब रं, घाई करू नगंस," म्हणत आत्या त्याच्यामागे धावली. पण हैबती कुठला थांबतोय! त्याने गोठ्याचं दार उघडलं आणि पिल्लू जमिनीवर सोडलं.

पिल्लू चिवचिवत जवळच्या कोंबडीकडे पळत गेलं आणि तिच्या पंखाखाली शिरू लागलं. कोंबडीने त्याच्याकडे वाकडी मान करून बघितलं आणि डोक्यात चोच मारली. दुसरीने मारली. मग सगळ्यांनीच. हैबती ओरडत धावला, पण तोवर सगळं संपलं होतं. आई कशी असते हे त्या गोठ्यात कुणाला ठाऊकच नव्हतं.

हैबतीने पिल्लू उचललं. आणि काय सांगावं, त्याच्या बोटांनी आपोआप पिल्लाची पाठ तपासली, पाय उजेडाकडे वळवले. जात बिघडल्याची खूण असणारा पट्टा पाठीवर नव्हता. पाय पिवळेधमक होते.

मैनाआत्या दारातच थिजली. मग ती एवढंच म्हणाली, "हैबती, आरं, तू आजून रंगच बघतोयास?"

हैबतीने आपल्या हातांकडे बघितलं आणि पिल्लू आत्याच्या पदरात ठेवलं.

"आत्या," तो कसाबसा म्हणाला, "ज्यांना माया होती, त्या समद्या मीच खाटकाला दिल्या. ह्या उरल्यात त्या माझ्याच निवडीच्या."

त्या पावसाळ्यात म्हातारा कोंबडा गेला आणि पुन्हा अंडी उबवून बघायची सोयही उरली नाही. त्याच्यामागून एकेक करून कोंबड्या गेल्या, आणि तांबडी जात जगातून कायमची नाहीशी झाली.

तात्पर्य: नुसत्या रूपावर निवड करणारा माणूस नकळत माया वेचून फेकून देतो, आणि जिथे माया उरत नाही, तिथे कितीही देखणा वंश पुढे चालत नाही.