मोगऱ्याच्या वासाची चादर

मंगळवारी सकाळी पिंजऱ्यात मोगऱ्याचा वास आला. घरात मोगरा कुठेच नव्हता. काहीतरी बिनसलंय असा धाकटीला पहिला संशय आला तो तेव्हा.

मुलांनो, ही धाकटी एका चौथ्या मजल्यावरच्या घरात, पुस्तकांच्या कपाटाशेजारी, लांबरुंद पिंजऱ्यात राहत असे. ती होती तपकिरी गिनीपिग, वय एक वर्ष, आणि स्वभाव असा की कुकरची शिट्टी झाली तरी चारही पाय हवेत आणि खाली शू. सोबतीला पाच वर्षांची पांढरी थोरली होती. तिला ती मावशी म्हणे. दोघींच्या पायांखाली फ्लीसची चादर असे, म्हणजे थंडीतल्या जॅकेटला आतून असतं तसं मऊ, लवदार कापड. त्याखाली जुना टॉवेल. ओलं काही झालं की ते चादरीतून झिरपून टॉवेलात जाई आणि वरचं कापड कोरडं राही. हे कोरडेपण गिनीपिगांना फार लागतं. ओल्यावर बसून त्यांचे तळवे दुखतात, थंडी भरते, आणि खाणं सुटलं तर दोन दिवसांत जिवावर बेतू शकतं.

त्या दुपारी धाकटी आपल्या झोपायच्या कोपऱ्यात गेली, तर तिथे पाणी साचलेलं. तिने हुंगून पाहिलं. मोगऱ्याच्या वासापुढे ते कुणाचं, काही कळेना.

"मावशी, माझ्या जागेवर तू आली होतीस?"

"मी कशाला येऊ? सकाळपासून इथेच गवत खातेय."

भिंतीवरच्या घड्याळामागून एका पालीने डोकं बाहेर काढलं. "मी कुणाचं नाव घेणार नाही हं," ती म्हणाली. "पण वय झालं की ताबा राहत नाही. आमच्यातसुद्धा होतं."

"तू पाहिलंस?"

"पाहायला कशाला हवं? आत तुम्ही दोघीच तर आहात." आणि पाल चुकचुकली.

पाल चुकचुकली की बोललेलं खरं ठरतं, असं घरातली आत्या नेहमी म्हणे. धाकटीने ते ऐकलेलं होतं. मग तिला पुरावा कशाला लागतोय? तिने गवताच्या काड्या तोंडात धरून आणल्या आणि पिंजऱ्याच्या मधोमध त्यांची रेघ मांडली. "इकडची बाजू माझी, तिकडची तुझी. लपायचं हे लाकडी घर माझ्याकडे राहील."

थोरलीने रेघेकडे पाहिलं, मग धाकटीकडे. "बरं," एवढंच म्हणाली आणि पाण्याच्या बाटलीखाली जाऊन बसली. तिथे बाटली थेंब थेंब गळत असे.

बुधवारी कोपऱ्यात पुन्हा पाणी. धाकटीने रेघ हुंगली. एकही काडी हललेली नव्हती. म्हणजे ही ओल बाहेरून येते की काय? का ही पालच? का बाटलीत काहीतरी आहे? ती अशी एकेकावर डोळा ठेवून उभी असतानाच स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली. धाकटी दचकली, आणि दचकल्यावर तिचं नेहमी जे व्हायचं ते झालं. पण या वेळी ते खाली मुरलं नाही. अळूच्या पानावरचं पाणी असावं तसं चादरीवर तरंगलं, उताराने घरंगळलं, आणि थेट तिच्या कोपऱ्यात जाऊन थांबलं.

वर पाल चुकचुकली. धाकटीने मान वर केली नाही.

ती रेघ तुडवत थोरलीकडे धावली. थोरली अंग फुगवून, डोळे अर्धे मिटून ओल्या चादरीवर बसली होती. सकाळची कोथिंबीर समोर तशीच सुकली होती.

"मावशी, ते माझंच होतं गं. मावशी?"

मग धाकटीने गळा फाडून शीळ घातली, घरभर ऐकू जाईल अशी.

"आता कोथिंबीर संपली बाई," आत्या आतून म्हणाली. पण आत्याची भाची रेवती, जिने दोघींना पाळलं होतं, ती बाहेर आली. धाकटीने चादरीची कड दातांत धरली आणि ओढली. रेवतीने वरून हात फिरवला, मग खालून.

"आत्या, चादर ओलीगच्च आहे आणि खालचा टॉवेल कोरडा ठणठणीत! धुताना यात काय घातलंस?"

"कंडिशनर घातलं गं, कपड्यांचं. पाहुणे यायचेत, म्हटलं जरा वास सुटू दे. मऊ पण होते."

"अगं, त्याचा थर बसतो कापडावर. मग पाणी खाली जातच नाही."

आत्या पिंजऱ्याजवळ येऊन वाकली. "मला काय ठाऊक," ती हळू आवाजात म्हणाली. "ही पांढरी अशी का बसलीय?"

रेवतीने थोरलीला कोरड्या पंचात गुंडाळून डॉक्टरकडे नेलं. आत्याने चादर गरम पाण्यात तीनदा खळबळली, वास पार जाईपर्यंत, आणि उन्हात टाकली. त्या रिकाम्या पिंजऱ्यात धाकटी एकटी बसून होती. पाल घड्याळामागून म्हणाली, "मी मुळी कुणाचं नाव घेतलंच नव्हतं." धाकटीने तिच्याकडे पाठ केली.

गुरुवारी दुपारी कोरडी चादर अंथरली गेली. तिला कसलाच वास नव्हता. रेवतीने डॉक्टरकडून परत आणलेल्या थोरलीला अलगद लाकडी घरात ठेवलं आणि ती बाजूला झाली. धाकटीने उरलेल्या गवताच्या काड्या एकेक करून खाऊन टाकल्या. मग ती लाकडी घराच्या दाराशी गेली.

"मावशी?"

तिने दारातून नाक आत घातलं.

"मावशी, मी रेघ खाल्ली."

काहीच नाही. तिसऱ्यांदा तिने हाक मारली ती इतकी हळू की तिची तिलाच जेमतेम ऐकू आली.

"ऐकतेय मी," आतून आवाज आला. "दारात उभी राहू नकोस. ये, अंग टेक."

तात्पर्य : आपल्या जागेवर ओल दिसली, तर सोबतिणीवर आळ घेण्याआधी चादर उलटून पाहावी, आणि ज्याने काही पाहिलेले नाही, त्याचे चुकचुकणे साक्ष म्हणून धरू नये.